सुमनताईचे पेपर

गंगाधरच्या घरी जायचं तर घरून पोट रिकामं ठेवून जायचं, असा माझा त्या दिवसांतला शिरस्ता होता. आदिलाबादला बस धरायची, तामसीच्या फाट्यावर उतरायचं आणि वांग्या-मिरच्यांच्या वावरांतून पायवाटेनं घर गाठायचं. बाहेर चप्पल काढेपर्यंत आतून मावशींनी, म्हणजे गंगाधरच्या आईनं, भाकर थापायला घेतलेली असायची. त्या थापण्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, वरून कच्च्या तेलाची धार आणि पाट्यावर रगडलेला हिरव्या मिरचीचा ठेचा. डॉक्टरनं आता ठेचा बंद केला आहे, आणि डॉक्टरच्या बापालाही तसला ठेचा मिळाला नसेल, म्हणून त्याला मी माफ करतो. आमच्या घरी सगळं मोजूनमापून असायचं. वडील तहसील कचेरीत. जेवतानासुद्धा दफ्तरात बसल्यासारखे गप्प. गंगाधरकडे मात्र विहिरीवरच्या मोटरीची घरघर, शेळीचं ओरडणं, रेडिओ आणि चार माणसांचं एकाच वेळी बोलणं, ह्या सगळ्यात जेवण व्हायचं. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी अंगणात टोपल्या भरल्या जायच्या आणि घरभर मिरच्यांची अशी धग सुटायची की पाहुण्याला बोलण्याआधी दोनदा शिंकावं लागे.

त्या घरात माझा भाव वधारलेला असायचा आणि तो मला आवडायचा, हे कबूल करतो. मी इंग्रजी शाळेत शिकलेलो. दुसरी भाषा तेलुगू, तिसरी हिंदी. मराठी आम्ही घरात बोलायचो; ती वाचायची वेळ यायची ती फक्त लग्नाच्या पत्रिकेपुरती, आणि तिथंही मी मुलाचं नाव आणि तारीख पाहून पत्रिका खाली ठेवायचो. त्यात मी गावातल्या एका वर्गात कम्प्युटरचा कोर्स केला. झालं! अख्ख्या ओळखीच्यांत मी 'कम्प्युटरवाला' झालो. कुणाचा टीव्ही मुंग्या दाखवायला लागला तरी मला हाक, कुणाचा पंखा कुरकुरला तरी मला हाक. मला त्यातलं ओ की ठो कळत नसे, पण मी जायचो, भुवया आकसून बघायचो आणि "पार्ट गेला" म्हणायचो.

गंगाधरची थोरली बहीण सुमनताई. बारावी झालेली, अक्षर मोत्यासारखं, बोलणं कमी. तिला बेल्लमपल्लीला दिलं होतं, कोळशाच्या खाणीतल्या माणसाला. नोकरी पक्की, क्वार्टर पक्कं, म्हणून सगळे खूश होते. नवरा पगार दारूत घालायचा आणि भांडण झालं की हिला क्वार्टरच्या बाहेर काढून आतून कडी लावायचा. थंडी असो, पाऊस असो. एक दिवस ती पिशवी घेऊन माहेरी आली ती गेलीच नाही. मग नांदेडला मामाकडे राहून मराठी टायपिंग शिकली. मामाचं छपाईचं लहानसं दुकान होतं. तिथलाच एक वापरलेला कम्प्युटर गंगाधरनं बसच्या टपावरून, गोधडीत गुंडाळून गावी आणला.

आमच्या भागात मराठी शाळा आहेत, पण प्रश्नपत्रिका वरून तेलुगूत यायच्या. मास्तर लोक त्या कशाबशा मराठीत करायचे आणि टाइप करायला नांदेडला धाडायचे. सुमनताईला बेल्लमपल्लीच्या दिवसांत तेलुगू चांगली आली होती, तेवढं एक त्या गावानं तिला दिलं. एका हेडमास्तरांनी विचारलं, सहामाहीचे पेपर तू करशील का? मराठीही कर आणि टाइपही कर. नीट झाले तर आसपासच्या सगळ्या मराठी शाळांचं वर्षभराचं काम तुझ्याकडे. तिचे वडील, ज्यांना मी काका म्हणायचो, काही दुष्ट माणूस नव्हते, पण पोरगी माहेरी बसली म्हणून चावडीवर त्यांची मान खाली जायची आणि जावयाकडून निरोपावर निरोप येत होते. त्यांनी तिला सगळ्यांसमोर सांगितलं, "हे काम लागलं तं राह्य बापा इथं, मी कोणाले जबाब देईन. नाही लागलं तं गुमान आपल्या घरी जायचं." ती "बरं" म्हणाली. तेव्हापासून ती त्या यंत्रापुढे बसायची ती करंट जाईपर्यंत, आणि करंट आला की पुन्हा.

आणि पेपर संपत आले असताना यंत्र बिघडलं.

गंगाधर सकाळच्या बसनं माझ्याकडे आला. "अबे, चल लवकर. डब्बा आपोआप बंद पडून राह्यला. सुरू केला की चालते, जराशानं फटकन् बंद. थांबून लावला की पुन्हा चालते. ताईनं दोन दिवसांपासून धड जेवण नाही केलं."

आज माझ्या हाताखालची पोरं एवढं ऐकून फोनवरच सांगतील, साहेब, आत गरम होतंय, पंखा बघा. कुठलाही मोटर दुरुस्त करणारा सांगेल. पण मी कोर्स केलेला माणूस. पंखे आणि स्क्रू ही मेकॅनिकची कामं, आपलं काम डोक्याचं. मी विंडोजची सीडी आणि सुरू करायची फ्लॉपी शर्टाच्या आत घातली, पेचकस घेतला नाही, आणि वाटेत बसमध्ये गंगाधरला व्हायरस म्हणजे काय ते असं समजावून सांगितलं की पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्यानं मागे वळून विचारलं, "कोणाले झाला जी?"

घरी गेलो तेव्हा सुमनताई वावरात मिरच्या तोडायला गेली होती. घरात बसून मशीनकडे बघत राहण्यापेक्षा बरं, म्हणून मावशींनीच पाठवली होती. कम्प्युटर बैठकीत, जुन्या लुगड्याच्या तुकड्याखाली झाकलेला. पडद्याच्या कडेला हळदीकुंकवाची बोटं होती. मी सुरू केला. चालला. तिच्या फायली दिसल्या. त्यातली एक मी माझ्या पद्धतीनं, ती वापरायची त्या प्रोग्रॅममध्ये नाही, नोटपॅडमध्ये उघडली. आत काय? इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची खूण, डोक्यावर टिंबं असलेली परकी अक्षरं, सगळं कालवून टाकलेलं. दुसरी उघडली, तेच. तिसरी, तेच. आणि तेवढ्यात यंत्र फटकन् बंद पडलं. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! रोग सापडल्याचा आनंद. "बघ," मी गंगाधरला म्हणालो, "सगळ्या फायली खाऊन टाकल्या व्हायरसनं. एक शब्द शिल्लक नाही. सगळं पुसून नव्यानं घालावं लागेल."

गंगाधर घाबरला. "अन् पेपर?"

"पेपर कुठं राह्यले बे? पाहिलं ना तू?"

"ताईले विचारून घेऊ का? इथंच हाय वावरात, हाक मारतो."

"तिले काय विचारायचं? तिले काय समजते त्यातलं?"

हे वाक्य मी म्हणालो. माझ्या आवाजात, खुर्चीत मागे रेलून. वावर एवढं जवळ होतं की अंगणातून हाक मारली असती तर तिला ऐकू गेली असती. गंगाधर दारापर्यंत गेला होता. माझं बोलणं ऐकून परत आला. इतक्या वर्षांनी मला ह्या प्रकरणातलं बाकी काही पुसट झालं तरी चालेल असं वाटतं, पण तो दारातून परत फिरला ते काही पुसट होत नाही.

मी डिस्क फॉरमॅट केली. टेबलावर दोन फ्लॉप्या होत्या, त्याही पुसल्या, कारण व्हायरस फ्लॉपीतही लपतो असं आम्हाला शिकवलं होतं. माझं काम कसं एकदम साफ! मग विंडोज घालायला लावलं आणि मावशींनी आणलेल्या भाकरीवर बसलो. अर्ध्यात पोचलं आणि यंत्र पुन्हा बंद पडलं. थांबून लावलं, पुन्हा तिथंच. डिस्कवर आता काहीच नव्हतं, तर बंद काय व्हायरस पाडत होता? घास माझ्या तोंडात फिरायला लागला. काकांनी विचारलं, "काय जी, होते का नाही?" मी म्हणालो, मोटरीचा पेचकस द्या.

डबा आडवा ठेवायचा प्रकार होता तो, वरच्या बाजूला हवेची जाळी. झाकण काढलं आणि आत बघतो तर तांदूळ. कुंकू लावलेले, लाल, चांगले मूठभर. खंडेनवमीला ह्या घरात विळे, खुरपी, फवारणीचा पंप, मोटरीचा स्टार्टर सगळ्यांची पूजा होते; त्या वर्षी सुमनताईनं कम्प्युटरचीही केली होती आणि जाळीवरून हात मोकळा करून अक्षता वाहिल्या होत्या. पुढं दिवाळीच्या सफाईत डबा हलवला तेव्हा दाणे घरंगळून आतल्या लहान पंख्याच्या पात्यांत बसले असावेत. पंखा जाम, म्हणून आत तापायचं, म्हणून बंद पडायचं. एवढंच. मी कोंबडीच्या पिसानं दाणे झाडले, पंख्याला बोट लावलं, तो गरकन् फिरला. विंडोज एका दमात चढलं. मावशींनी माझ्या हातावर साखर ठेवली. काका शेजाऱ्याला हाक मारून सांगायला लागले की साहेबाच्या पोरानं डब्यातून तांदूळ काढले.

त्या गलक्यात सुमनताई आली. पदराच्या ओट्यात मिरच्या. पडदा चालू दिसला तशी ती हसली, आणि तिला मी हसताना त्यापूर्वी फारसं पाहिलं नव्हतं. मिरच्या तशाच ओट्यात धरून ती खुर्चीत बसली आणि फायली शोधायला लागली. खोलीतली मंडळी तांदळाबद्दलच बोलत होती. मी उभा होतो.

"माहे पेपर कोठी हायत?" तिनं विचारलं.

मी सांगितलं. व्हायरसनं खाल्ले होते, सगळी वेडीवाकडी अक्षरं झाली होती, पुसावंच लागलं. कंस, टक्के, डोक्यावर टिंबं, हातानं हवेत काढून दाखवलं.

ती अगदी हळू म्हणाली, "व्हायरस नव्हता तो. मराठी व्हतं ते."

त्या काळी मराठीचा असाच जुगाड असायचा. यंत्राच्या लेखी सगळी इंग्रजीच खुणाक्षरं. त्यावर मराठी अक्षरांचा साज चढवणारा फॉन्ट असेल आणि फाईल नीट उघडली तर मराठी, नाहीतर तो सगळा कचरा दिसायचा. नांदेडमधल्या कुठल्याही टाइप करणाऱ्या पोराला हे माहीत होतं. आदिलाबादमध्ये माझ्या वर्गात तेलुगूचं शिकवलं होतं, मराठीचं कोण शिकवणार? पण मराठी घरातलं पोरगं मी. माझीच भाषा समोर उघडी पडली होती आणि मी तिला रोग म्हणालो.

तिनं फ्लॉप्या उचलल्या. त्याही पुसल्या, म्हणून मी मान हलवली. एकीत पेपरांची दुसरी प्रत होती आणि दुसरीत मामानं दिलेला फॉन्ट. हातानं लिहिलेलं तिच्याकडे काही नव्हतं, कारण पेपर फुटू नयेत म्हणून हेडमास्तर टाइप करून झालेला तिच्या हातचा एकेक कच्चा कागद मागून घ्यायचे आणि फाडायचे. ते सगळे पेपर तर तिनं तेलुगूवरून स्वतः मराठीत केले होते. तिच्या ओट्यातल्या मिरच्या एकेक करून जमिनीवर पडत होत्या आणि तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी नांदेडला पळालो. मामानं पुन्हा फॉन्ट दिला, वर चार शब्द ऐकवले, तेही थोडेच होते. परत आलो तेव्हा सुमनताई हेडमास्तरांच्या घरून येऊन बसली होती. ते भले गृहस्थ. पण परीक्षा तोंडावर आलेली. त्यांनी काम नांदेडच्या एका दुकानात देऊन टाकलं होतं, आणि एकदा दिलं म्हणजे वर्षाचं तिकडेच. "बेटा, मी तरी काय करू?" म्हणाले म्हणे. मी आणलेली फ्लॉपी तिनं घेतली आणि ड्रॉवरमध्ये ठेवली.

माझं मन मला खात होतं. त्या आठवड्यात मी धड जेवलो नाही की झोपलो नाही. बेल्लमपल्लीहून तिचा थोरला दीर न्यायला आला असं कळलं तेव्हा मी कुणी न बोलावता गेलो. बैठकीत बाजेवर दीर, खाली काका, दारात गंगाधर, आत सुमनताई चहा करत होती. मी उभ्या उभ्याच बोललो. "काका, सुमनताईची काही चूक नाही. काम गेलं ते माझ्यामुळे. बिघाड पंख्यात होता, मी न बघता सगळं पुसलं. तिला विचारलंसुद्धा नाही. तिला परत काम मिळेल, थोडा वेळ द्या, मी स्वतः शाळाशाळांत फिरतो." एका दमात बोललो. मला वाटलं आता काका मला शिव्या घालतील, आणि मला त्या हव्या होत्या.

काकांचे डोळे भरून आले. ते दिराकडे वळले. "पाहा जी, याले म्हणतेत खानदान. साहेबाचं पोरगं, आपल्या घरी फुकट राबलं, डब्यातले तांदूळ काढून देल्ले, अन् वरतून आमच्या पोरीची चूक आपल्या अंगावर घेते. अक्षता हिनं टाकल्या ना? का यानं टाकल्या?"

"बाबा, यानंच पुसलं, मी समोर व्हतो," गंगाधर दारातून म्हणाला.

"चूप! घरी आलेल्या माणसाले दोष लावतं? मदतीले आलेल्याले? हे शिकवलं का मी तुले?"

मी पुन्हा म्हणालो, काका, खरंच सांगतो. जितकं जास्त सांगितलं तितके ते माझा हात घट्ट धरत गेले. त्यांच्या घराची रीतच होती ती. मदतीला आलेल्यानं घर पेटवलं तरी ते म्हणाले असते की बिचाऱ्याचे हात भाजले. दीरही मान डोलवायला लागला. सुमनताई चहा घेऊन आली. पहिला कप तिनं मला दिला. तिला खरं काय ते पुरतं माहीत होतं आणि ती एक शब्द बोलली नाही. बोलली असती तरी काय? अक्षता टाकणारी ती, आणि मोठ्या मनाचा मी. संध्याकाळच्या बसनं ती दिरासोबत गेली. जाताना सगळ्यांना "येते" म्हणाली, त्यात मीही आलो.

पुढं ती गोष्ट माझ्या मागे लागली. काका ती बाजारात सांगायचे, लग्नात सांगायचे, भाजी घेताना गिऱ्हाइकाला सांगायचे. माझ्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा मुलीकडचे चौकशीला गेले ते नेमके काकांकडे, आणि त्यांनी तीच गोष्ट सांगून माझं लग्न जमवून दिलं. बायकोला मी पहिल्या वर्षीच खरं सांगितलं. तिलाही ते माझं चांगुलपणच वाटलं! मी कपाळावर हात मारून घेतला आणि त्यानंतर कुणाला सांगणंच सोडलं.

आता पन्नाशी उलटली. मागच्या हिवाळ्यात कचेरीच्या कामानं बेल्लमपल्लीला जाणं झालं. गंगाधरकडून पत्ता घेतला आणि गेलो. क्वार्टर सुटलं होतं, जवळच दोन खोल्या बांधल्या होत्या. नवरा बाहेर खुर्चीत उन्हाला बसलेला, बारीक झालेला, खोकत. सुमनताईचे केस पांढरे, डोळ्यांवर चष्मा. मला तिनं लगेच ओळखलं, आत बसवलं, चहा टाकला. "आता पित नाही तो," तिनं बाहेरच्या दिशेनं मान करून सांगितलं. "छातीत दमच नाही राह्यला." मधली वर्षं कशी गेली ते तिनं सांगितलं नाही आणि मला विचारायचा धीर झाला नाही. पोरगा हैदराबादला नोकरीला आहे म्हणाली. टायपिंग? "कोठी घेऊन बसला ते," म्हणाली.

मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "ताई, त्या दिवशी मी गंगाधरला तुला हाक मारू दिली नाही. मला माफ कर."

ती शांतपणे, रागावल्यासारखं नाही, हिशेब समजावून सांगावा तसं म्हणाली, "पाह्य, तू तवा बाबासमोर कबूल केलं, तं सगळे म्हणले, पोरगं मनानं मोठं. माह्या वाट्याले काय आलं? आता मी माफ केलं तं तू अजून मोठा होशील. नाही करत मी माफ. तेवढं तरी माह्यापाशी राहू दे."

मी "बरं" म्हणालो. ती कप उचलून आत गेली. मी बाहेर येऊन चपला घालत होतो तर तिचा नवरा खुर्चीचा हात धरून उठला, त्यानं दोन्ही हात जोडले आणि खोकला आवरत म्हणाला, "तुमीच ना जी ते कम्प्युटरवाले? सासरेबुवा लई सांगायचे तुमचं. मोठ्या मनाचा माणूस म्हणत."

आतला भांड्यांचा आवाज थांबला. मी हात जोडले आणि स्टेशनचा रस्ता धरला.